शिकागोचं इम्प्रॉव्ह की जॉनस्टनचं?

हाती संहिता नाही, विषय प्रेक्षक देणार आणि नट तिथल्या तिथे प्रवेश उभा करणार. आजच्या इम्प्रॉव्हच्या, म्हणजे उत्स्फूर्त नाट्याच्या, दोन मोठ्या परंपरा इथवर वेगवेगळ्या वाटांनी आल्या.

शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी नाट्यखेळ रचले. त्यांचा मुलगा पॉल सिल्स याने ते १९५५ मध्ये कंपास प्लेअर्स या नाट्यसंचात, मग १९५९ पासून सेकंड सिटी या दुसऱ्या संचात रंगमंचावर आणले. पुढे डेल क्लोज या नट-दिग्दर्शकाने ‘हॅरल्ड’ हा लांब प्रयोगप्रकार घडवला: एकाच शब्दावरून असंबद्ध वाटणारे प्रवेश सुरू होतात आणि शेवटाकडे त्यांचे धागे गुंततात. जमला तर कमाल, फसला तर मात्र अर्धा तास जाता जात नाही.

लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहातल्या दिग्दर्शक कीथ जॉनस्टनची अडचण निराळीच होती. ब्रिटनमध्ये १९६८ पर्यंत नाटकाची संहिता आधी मंजूर करून घ्यावी लागे. उत्स्फूर्त प्रयोगाची संहिता आणायची कुठून? कुस्तीच्या आखाड्यातला प्रेक्षकांचा आरडाओरडा त्याला नाटकात हवा होता. त्यातून थिएटरस्पोर्ट्स जन्मलं, १९७७ मध्ये, कॅनडातल्या कॅल्गरीत. दोन संघ, परीक्षक, गुण.

नवशिक्याला मी आधी जॉनस्टनकडे पाठवेन, ते त्याच्या ‘स्टेटस’च्या, म्हणजे कोण वरचढ आणि कोण दुय्यम हे वागण्यातून दाखवण्याच्या, सरावासाठी. “बसा ना” हे डोकं स्थिर ठेवून म्हणा, मग चेहऱ्याला सारखा हात लावत म्हणा; साहेब क्षणात उमेदवार होतो. वर्षभर टिकणारा चमू हाताशी असेल तर मात्र हॅरल्डच.