मन खातं म्हणून घेतलेली पिशवी: इंदूरच्या तयार किराणा किटची झडती

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि अधिक मास. या दोन मोसमांत सियागंजच्या ठोक दुकानांपासून लोकमान्य नगर, सुदामा नगरच्या कोपऱ्यावरच्या किराण्यापर्यंत एक माल हमखास पुढे येतो: घरकामाच्या बाईंना द्यायचं तयार किराणा किट. रंगीत पिशवी, आत बारा-चौदा वस्तू. दहा मिनिटांत काम आटोपतं.

घेणारं घर बहुतेक सुस्थितीतलं असतं. चौघांचं बाहेरचं एक जेवण आणि भांड्याला येणाऱ्या बाईंचा महिन्याचा पगार यांत फारसं अंतर राहिलेलं नाही, हे बिल चुकवताना ध्यानात येतं आणि मन खातं. पिशवी दिली की ते खाणं थांबतं. म्हणून या मालाला गुण द्यायचे तर दोनदा द्यावे लागतात. देणाऱ्याला हलकं वाटण्याबद्दल पाचापैकी पाच. ज्या घरात पिशवी रिकामी होते तिथल्या उपयोगाबद्दल दोन, फार तर अडीच.

आधी आत काय असतं ते बघू. दुकानागणिक थोडा फरक पडतो, पण साचा हाच: गव्हाचं पीठ 5 किलो, तांदूळ 2 किलो, तूर डाळ 1 किलो, साखर 1 किलो, मीठ 1 किलो, सोयाबीन तेलाचा एक पाऊच, पोहे 500 ग्रॅम, चहा 250 ग्रॅम (स्वस्त किटात 100च), हळद, तिखट, धनेपूड प्रत्येकी 100 ग्रॅम, एक अंगाचा आणि एक कपड्यांचा साबण. एकूण वजन बारा किलोच्या आसपास. त्यातले सात किलो म्हणजे पीठ आणि तांदूळ.

खोट आहे ती इथे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. मध्य प्रदेशात त्यासाठी पात्रता पर्ची, म्हणजे रेशनला पात्र असल्याची सरकारी चिठ्ठी, लागते. चौघांच्या घरी पर्ची असेल तर दर महिन्याला 20 किलो धान्य कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानातून येतं. गहू-तांदळाचं प्रमाण बदलत राहतं, पण चूल धान्यावाचून अडत नाही. अडते ती तेल, डाळ, साखर, चहा आणि साबण यांवर. या सगळ्याला रोख मोजावी लागते. विचारलं तर बाई स्वतःच सांगतात: ‘भाभी, आटा तो कंट्रोल से आ जाता है, तेल हो तो दे दो.’ विचारत मात्र कुणी नाही. वाण म्हणून जावयाला 33 अनारसे मोजून देणारी घरंसुद्धा बाईंची पिशवी न मोजता उचलतात.

पिठाबद्दल आणखी एक. ज्यांच्या घरी कंट्रोलचा गहू येतो ते तो चक्कीवर नेऊन दळून आणतात, त्यांना पाकिटातल्या पिठाचं अप्रूप नाही. झाबुआ, अलिराजपूरकडून आलेल्या घरांत मक्याची भाकरी होते, निमाडकडच्यांत ज्वारीची. शिवाय पावसाळ्यात पिठाला जाळी आणि अळी लवकर लागते. दिवाळीत तीन घरांतून तीन किटं आली, तर 15 किलो पीठ एका खोलीत ठेवायचं कुठे?

पिठाची पिशवी खरोखर उपयोगी पडते अशीही घरं आहेत. पर्ची नसलेली, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) अजून गावाकडच्याच पत्त्यावर असलेली, किंवा ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहून गेलेली. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे दुसऱ्या राज्याच्या कार्डावरही इथे धान्य उचलता येतं, पण मशीनवर अंगठा जुळावा लागतो. वर्षानुवर्षं भांडी घासणाऱ्या हातांचे ठसे पुसट झालेले असतात आणि मशीन ते नाकारतं. अशा घरी पीठ द्यावं, आणि जमलं तर एकदा समग्र आणि आधारवरचं नाव एकसारखं करून घ्यायला सोबत जावं. पिशवीपेक्षा ही एक चक्कर जास्त दिवस पुरते.

आता मालाच्या दर्जाकडे. बंद पाकिटांत फसगत होते ती तेलात. एक लिटर सोयाबीन तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, पण बाजारात 850, 800, 750 ग्रॅमचे पाऊचही तशाच आकाराचे येतात आणि किटात बहुधा त्यांतलाच एखादा सापडतो. पाऊच उलटा करून निव्वळ वजन वाचावं. एमआरपीच्या जवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दरही छापलेला असतो, तो पाहिला की भुलवणारी किंमत उघडी पडते.

दुसरी फसगत दुकानदारानं स्वतः भरलेल्या पुड्यांची. डाळ, तिखट, हळद, चहा पारदर्शक पिशवीत भरून उष्णतेनं चिकटवलेलं असतं. त्यावर ना तारीख, ना एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक. इंदूर डाळमिलचं गाव आहे, इथे चांगली तूर डाळ मिळायला अडचण नाही. तरी किटातली डाळ बऱ्याचदा अति चकचकीत असते. ती चमक पॉलिशची असते, चवीची नव्हे. मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरा. तुरीचा दाणा गोलसर. मध्ये चपटे, पाचरीसारखे तिरके दाणे दिसले तर तिवडा (लाखी डाळ) मिसळलेला आहे. कोमट पाण्यात टाकल्यावर पाणी लगेच पिवळंधमक झालं तर रंग आहे. तिखटाची चिमूट पाण्याच्या ग्लासावर भुरभुरवावी. लाल रेघा झरझर खाली उतरल्या तर ते दुकानात परत. चहाची भुकटी ओल्या टिपकागदावर ठेवली की रंग लावलेला असल्यास डाग लगेच पसरतो. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात आणि गंमत म्हणजे स्वतःच्या घरासाठी हीच मंडळी ती आवर्जून काढतात.

पिशवी भरण्याची पद्धत तर वाईटच. कपड्यांचा साबण चहा आणि पोह्यांना चिकटून ठेवलेला असतो. दोन-तीन दिवसांत चहाला साबणाचा वास धरतो आणि मग तो जात नाही. तेल तळाशी, वर पाच किलो पीठ, त्यामुळे पाऊचची शिवण सुटते. साबण वेगळ्या पिशवीत बांधून घ्यावा, तेल उभं, कडेला, आणखी एका पिशवीत गुंडाळून. नॉन-वोव्हन (कापडासारखी दिसणारी प्लॅस्टिकची) पिशवी 60 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला 60 ग्रॅमच्या, खालची असेल तर ती मुळात बंदीतलीच, आणि बारा किलोला तिचे धरायचे बंद तग धरत नाहीत. बंद नुसते चिकटवलेले आहेत की शिवलेले, ओढून पाहा. ही पिशवी घेऊन बाईंना उरलेली दोन घरं करायची आहेत आणि मग गर्दीच्या मॅजिकमध्ये (शेअरिंगच्या छोट्या गाडीत) चढायचं आहे. म्हणून ती शेवटच्या घरानं द्यावी, किंवा घरी पोचवावी.

तयार किट न घेता त्याच दुकानात उभं राहून यादी सांगितली तर चालते. पर्ची असलेल्या घरासाठी आमची शिफारस अशी: सोयाबीन तेलाचे एक-एक लिटरचे दोन पाऊच, तूर डाळ 1 किलो, मूग मोगर (सालं काढलेली मूग डाळ) किंवा चणा डाळ 1 किलो, साखर 2 किलो, चहा 500 ग्रॅम, पोहे 1 किलो, शेंगदाणे 500 ग्रॅम, बंद पाकिटातले तिन्ही मसाले, धुण्याची पावडर 1 किलो, अंगाचे चार साबण. घरात मुली-बायका असतील तर सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं, ही वस्तू तयार किटात जवळपास कधीच नसते. वजन दहा किलोच्या आत राहतं. पैसे तयार किटापेक्षा थोडे जास्त जातात. बजेट तेच ठेवायचं असेल तर शेंगदाणे आणि दुसरी डाळ काढा, तेलाला हात लावू नका.

वेळही बदलावी. दिवाळीत सगळीकडून येतं. जूनमध्ये, शाळा उघडताना, वह्या-पुस्तकं आणि गणवेश एकदम अंगावर येतात तेव्हा कुणाचंच काही येत नाही. आणि किट बोनसच्या बदल्यात द्यायचं नाही. दीड हजाराची पिशवी वर्षातून दोनदा दिली तर महिन्याला 250 रुपये होतात. तेवढी पगारवाढ दिली तर ती दर महिन्याला, न मागता, न वाकता मिळते. उधारीवर किराणा आणणाऱ्या घराला ठरलेला पैसा किती कामाचा असतो, हे महिनाअखेर जिला काढावी लागते तिला विचारा. मन खातं ते बहुतेक या आकड्यापाशीच, म्हणून त्याबद्दल बोलणं टळतं आणि पिशवी येते.

त्याच पैशांतली आणखी एक खरेदी, आणि किंमत पाहता ही सगळ्यांत सरस. बाईंच्या बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला 20 रुपयांत होते: वय 18 ते 70, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख. जीवनज्योती विमा 436 रुपयांत: प्रवेश 18 ते 50 वयात, कोणत्याही कारणानं मृत्यू झाल्यास 2 लाख, मात्र नव्यानं घेतल्यावर पहिल्या 30 दिवसांत अपघाताखेरीजच्या मृत्यूला भरपाई नाही. दोन्ही मिळून 456 रुपये. विमा बंद पडतो तो बहुधा एकाच कारणानं: वर्ष 1 जून ते 31 मे असतं, हप्ता मेच्या शेवटी खात्यातून आपोआप कापला जातो आणि नेमका तेव्हा खात्यात पैसा नसतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात 500 रुपये खात्यात टाकून ठेवावेत. दोन बँकांत दोनदा नाव नोंदवलं तरी भरपाई एकदाच मिळते, दुसरा हप्ता वाया. वारसाचं नाव आधारवर आहे तसंच, आडनावासकट लिहून घ्यावं. नवऱ्याचं नाव घरच्या हाकेचं लिहिलं तर दाव्याच्या वेळी बँकेच्या खेपा सुरू होतात.

राहिलं ते स्टिकर. बरीच दुकानं पिशवीवर देणाऱ्या कुटुंबाचं नाव किंवा ‘कै. यांच्या स्मरणार्थ’ असं छापून चिकटवतात, वर पैसे घेत नाहीत. न सांगता लावतात, म्हणून नको असेल तर पिशवी बांधायच्या आधी सांगा. नंतर काढायला गेलं की पिशवीचं वरचं कापड फाटून येतं.