वेगवेगळ्या गतीच्या प्रतिमामालिका एका व्हिडिओत: फ्रेम धरून ठेवायची, वेळ बदलती ठेवायची की मधल्या फ्रेम तयार करायच्या?

नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीवरचं एआयए हे उपकरण एका तरंगलांबीत साधारण दर १२ सेकंदांनी सूर्याची प्रतिमा घेतं. त्याच यानावरच्या एचएमआय या दुसऱ्या उपकरणाचा सूर्याचा चुंबकीय नकाशा दर ४५ सेकंदांनी येतो. म्हणजे तासाभरात एकीकडे ३०० फ्रेम, दुसरीकडे ८०. या दोन मालिका शेजारी शेजारी ठेवून व्हिडिओ करायचा, तर मार्ग तीन. सूक्ष्मदर्शकाच्या टाइमलॅप्सलाही हेच लागू पडतं, फक्त आकडे बदलतात.

मार्ग कोणताही घ्या, जुळवणी फ्रेमच्या क्रमांकावरून नको, प्रत्यक्ष वेळेवरून करा. एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या कमांडलाइन साधनाला प्रतिमांची मालिका देताना इनपुटचा फ्रेमरेट सांगितला नाही, तर तो २५ धरतो. मग वरच्या ३०० फ्रेम १२ सेकंदांत संपतात, ८० फ्रेम ३.२ सेकंदांत. त्याच्या एचस्टॅक या शेजारी शेजारी जोडणाऱ्या फिल्टरने दोन्ही जोडल्या की उरलेले ८.८ सेकंद उजवीकडे शेवटचा नकाशा गोठलेला दिसतो. फिजी या प्रतिमा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधला ‘कंबाइन’ आदेशही क्रमांकानेच जोडतो आणि छोट्या मालिकेची बाजू पुढे रिकामी राहते. शिवाय मधली एखादी फ्रेम गहाळ असेल, तर तिच्या पुढचं सगळंच सरकतं.

पहिला मार्ग: समान, स्थिर फ्रेमरेट आणि पुढची प्रतिमा येईपर्यंत आधीची धरून ठेवणं. बहुतेकांनी हाच घ्यावा. आधी व्हिडिओ प्रत्यक्षापेक्षा किती पट वेगाने चालवायचा ते ठरवा. १८० पट धरला तर एआयए सेकंदाला १५ फ्रेमने पळेल, एचएमआय ४ फ्रेमने. १५ आणि ४ यांचा लसावि ६०. म्हणून व्हिडिओ ६० फ्रेमचा करा: एआयएची प्रत्येक प्रतिमा ४ फ्रेम टिकेल, एचएमआयची १५ फ्रेम. एक तास २० सेकंदांत बसतो आणि एकूण फ्रेम १२०० होतात.

हाच व्हिडिओ ३० फ्रेमचा केला तर एचएमआयच्या वाट्याला साडेसात फ्रेम येतात. अर्धी फ्रेम दाखवता येत नाही, त्यामुळे एक प्रतिमा ७ आणि पुढची ८ फ्रेम टिकते. नीट पाहणाऱ्याला हा हिसका जाणवतो. व्हिडिओतली एक फ्रेम म्हणजे इथे प्रत्यक्षातले ६ सेकंद. सादरीकरणात हे खपून जातं, पण व्हिडिओवरून घटनांचा क्रम ठरवायचा असेल तर ६० फ्रेमच घ्या. फाइल फार फुगेल ही भीती नको. एच.२६४ या व्हिडिओ लहान करण्याच्या पद्धतीत न बदललेल्या भागाला जवळजवळ जागाच लागत नाही.

दुसरा मार्ग, म्हणजे प्रत्येक फ्रेमला तिचा स्वतःचा कालावधी देणं, खरा उपयोगी पडतो तो मालिका एकापुढे एक लावताना. समजा, पेशींचं चित्रण पहिला तास दर ५ मिनिटांनी केलं आणि नंतर दर १० सेकंदांनी. एफएफएमपेगच्या कॉनकॅट डिमक्सरला (एकापुढे एक फाइल वाचणाऱ्या भागाला) मजकुराची एक फाइल द्यायची: प्रतिमेचं नाव, खाली कालावधी. शेवटच्या प्रतिमेचं नाव दोनदा लिहा, नाहीतर तिचा कालावधी पाळला जात नाही. पण अशी बदलत्या फ्रेमरेटची फाइल एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकली की ते बहुधा आपल्या स्थिर रेटमध्ये बसवतं आणि वेळा थोड्या हलतात. शेजारी शेजारी मांडणीला तर हा मार्ग नकोच. वेगळ्या रेटची इनपुटं थेट दिली तर एचस्टॅकचं आउटपुटही बदलत्या रेटचं होतं. म्हणून आधी दोन्हींना एफपीएस (फ्रेमरेट ठरवणारा) फिल्टर लावून एका रेटवर आणा, मग जोडा. दोन्हींची उंचीही सारखीच लागते.

तिसरा मार्ग मधल्या फ्रेम संगणकाकडून तयार करून घेण्याचा. एफएफएमपेगचं मिनटर्पोलेट हे फिल्टर हालचालीचा अंदाज बांधून त्या भरतं आणि व्हिडिओ मोहक दिसतो. वैज्ञानिक कामाला हा मार्ग घेऊ नका. दोन प्रतिमांची साधी सरासरी केली, तरी सौर ज्वालेचा भडका प्रत्यक्षात उडण्याआधीच ती जागा पडद्यावर उजळू लागते. चुंबकीय नकाशात तर पांढरा ठिपका एक ध्रुव असतो आणि काळा दुसरा. एका प्रतिमेत जिथे पांढरा, पुढच्या प्रतिमेत तिथेच काळा असेल, तर सरासरीत राखाडी उरतो, म्हणजे तिथे क्षेत्रच नाही असं दिसतं. केवळ सजावटीसाठी हा मार्ग घेतलाच, तर मधल्या फ्रेम कृत्रिम आहेत हे व्हिडिओवरच लिहा.

साधनांबद्दल थोडक्यात. दोन अंतरांचं गुणोत्तर पूर्ण संख्येत असेल, जसं ५ आणि १० सेकंद, आणि वेगवान मालिकेच्या निम्म्या फ्रेम गाळलेल्या चालत असतील, तर फिजी पुरे: ‘रिड्यूस’ २ ने, मग ‘कंबाइन’. मात्र ४०९६ बाय ४०९६ च्या १६ बिट प्रतिमा ३०० असतील तर त्याच सुमारे १० जीबी होतात. तेव्हा व्हर्च्युअल स्टॅक (सगळ्या प्रतिमा एकदम मेमरीत न घेणारा) वापरा किंवा आधी आकार कमी करा. फ्रेम गहाळ असतील किंवा अंतरं सारखी नसतील, तर पायथनच. व्हिडिओच्या प्रत्येक क्षणासाठी नमपाय या पायथन लायब्ररीच्या सर्चसॉर्टेड फंक्शनने, उजवी बाजू (side='right') धरून, वेळांच्या यादीत जागा शोधा आणि एक वजा करा. त्या क्षणाआधीची सर्वांत ताजी प्रतिमा मिळते. ती नेहमीच्या अंतराच्या दुपटीहून जुनी असेल, तर चौकट रिकामी दाखवा.

वेळ वाचताना एक खाचखळगा आहे. एचएमआयच्या हेडरमधल्या (प्रतिमेसोबतच्या माहितीतल्या) टी-रेक नोंदीतली वेळ टीएआयमध्ये (आंतरराष्ट्रीय अणुवेळेत) असते, एआयएची यूटीसीमध्ये (समन्वित जागतिक वेळेत). २०१७ पासून या दोहोंत ३७ सेकंदांचा फरक आहे, म्हणजे एचएमआयची जवळजवळ एक अख्खी फ्रेम. एचएमआयची मूळ प्रतिमा जवळपास १८० अंशांत फिरलेलीही असते. हेडरमधला कोन पाहून ती सरळ करा.

८ बिटमध्ये आणताना प्रत्येक फ्रेमला आपोआप कॉन्ट्रास्ट लावलात, तर व्हिडिओ लुकलुकतो. किमान आणि कमाल मूल्य अख्ख्या मालिकेसाठी एकच ठेवा. ज्वालेच्या वेळी एआयए काही प्रतिमांचं एक्स्पोजर स्वतःहून कमी करतं, म्हणून आधी एक्स्पोजरच्या वेळेने भागा. प्रत्येक चौकटीवर तिची स्वतःची निरीक्षणाची वेळ छापा. दोन्हींसाठी एकच घड्याळ लावलं तर धरून ठेवलेली प्रतिमा ताजी वाटते. शेवटी एच.२६४, सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) १८, पिक्सेल फॉरमॅट yuv420p, लांबी-रुंदी सम संख्येत. विषम असेल तर एन्कोडर सुरूच होत नाही.

झाल्यावर एफएफप्रोबने (एफएफएमपेगसोबत येणाऱ्या तपासणीच्या साधनाने) फ्रेम मोजा. दोन्ही मालिका एकाच क्षणी सुरू झाल्या असतील, तर शून्यापासून मोजून ६०० व्या फ्रेमवर एआयएची १५० वी आणि एचएमआयची ४० वी प्रतिमा असायला हवी, दोन्हींवर सुरुवातीपासून बरोबर ३० मिनिटांनंतरची वेळ. एचएमआय तिथे ३९ वर किंवा ४१ वर असेल, तर आधी तो ३७ सेकंदांचा फरक तपासा.