दाट रस्स्याचं मटण: पातेलं, ओव्हन, स्लो कुकर की प्रेशर कुकर?

घरातल्या सात-आठ जणांसाठी हाडांसकट मटण मस्त मंद शिजवायचंय आणि कशात शिजवू हे ठरत नसेल तर माझे चारही प्रकार करून झालेत, सांगते.

आधी मटणाचं. खांदा, नळी असले चिवट भागच घ्या, कारण त्यात कोलॅजन (मांसाला चिवट करणारं प्रथिन) भरपूर असतं आणि ते साधारण ७० अंशांच्या वर हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. रस्सा खाताना ओठ जरा चिकटतात ना, ते त्याच्यामुळे. ह्याला तास जातात, आणि साध्या भांड्यात आच मोठी केली म्हणून काम फारसं लवकर होत नाही, उलट मांसाचे धागे आवळतात आणि आतलं पाणी सोडून देतात. बिनहाडाचं, अजिबात चरबी नसलेलं घेतलंत तर कशातही शिजवा, चोथाच होणार.

जाड बुडाचं पातेलं माझं सगळ्यात आवडतं, पण घरात बसून राहायची तयारी हवी. अडीच-तीन तास लागतात, दर वीस मिनिटांनी उठून ढवळा, नाहीतर बुडाला लागलंच समजा. खदखदा उकळू द्यायचं नाही, मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन फुटला पाहिजे, एवढीच आच. पाणी कमी पडलं तर गरमच घाला. फायदा काय, तर चव बघत बघत करता येतं आणि रस्सा आपोआप आटत जातो.

ओव्हनमध्ये गरमी सगळीकडून लागते, त्यामुळे बूड लागायचं टेन्शन नाही. घट्ट झाकणाचं, प्लॅस्टिकची मूठ नसलेलं भांडं घ्या, १५० अंशांवर तीनेक तास ठेवा आणि खुशाल दुसरी कामं करा. माणसं जास्त असतील तर मी हेच करते. एकदाच फजिती झाली, भांडं बाहेर काढून झाकण ओट्यावर ठेवलं आणि दोन मिनिटांत विसरून उघड्या हाताने उचललं, चार बोटांना फोड. तेव्हापासून बाहेर आलेल्या झाकणावर लगेच फडकं टाकून ठेवते.

स्लो कुकरचं कौतुक जरा जास्तच होतं असं माझं मत. दिवसभर बाहेर असाल तर ठीक, सकाळी लावा, आठ तासांनी या. पण त्यात पाणी आटतच नाही, म्हणून नेहमीपेक्षा कमी घालावं लागतं, आणि परतायला बहुतेक वेळा वेगळी कढई लागतेच. परतणं टाळू नका हां, कशातही शिजवा, तुकडे आधी थोडे थोडे करून खरपूस भाजा. सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं आणि मटण भाजलं न जाता उकडतं.

आणि प्रेशर कुकर. आत साधारण १२० अंश होतात म्हणून तीन तासांचं काम ३५-४० मिनिटांत होतं, शिट्ट्या मोजू नका, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून मिनिटं मोजा. घाईत नळाखाली धरून उघडायचा नाही, आतलं पाणी एकदम उसळतं आणि मटण कोरडं, दोरीसारखं होतं (केलंय मी हे, पाहुणे ताटावर बसलेले असताना). वाफ आपोआप जिरू द्या. मग रस्सा पातळ दिसेल, तो झाकण काढून पंधरा-वीस मिनिटं आटवा, म्हणजे पातेल्यातल्याच्या बराच जवळ जातो. पूर्ण तसा नाही होत, पण ऑफिसच्या दिवशी मी तरी स्लो कुकरच्या आधी हाच काढते.

पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशीच करून ठेवा, चव मुरते आणि फ्रिजमध्ये चरबीचा थर वर येतो तो चमच्याने काढून टाकता येतो. फक्त दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, मोठं भांडं असेल तर पसरट डब्यांत वाटून. बटाटे घालणार असाल तर ते दुसऱ्या दिवशी गरम करतानाच, आधी घातले की लगदा होतो त्यांचा.