डिझेल गाळलं, टाकी तशीच: सफाईच्या नावाखाली झालेली फसवणूक

आमच्या बोटीची डिझेलची टाकी साफ करायचं काम झाल्यावर दोन काचेच्या बरण्या दाखवल्या गेल्या. एकीत काळपट डिझेल, खाली पाण्याचा थर आणि त्यावर चिकट गाळ. दुसरीतलं मधासारखं पारदर्शक. ‘हे आधीचं, हे आत्ताचं.’ तेवढ्यावर टाकी-सफाईचे पूर्ण पैसे दिले गेले. पहिली बरणी टाकीच्या तळातून भरलेली होती आणि दुसरी फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या नळीखाली धरलेली. फिल्टरमधून आलेलं डिझेल स्वच्छ दिसणारच, त्यात टाकीबद्दल काहीच कळत नाही.

टाकी २०० लिटरची, ॲल्युमिनियमची, आत दोन बॅफल, म्हणजे डिझेल हिंदकळू नये म्हणून बसवलेले पत्रे, त्यामुळे तीन कप्पे. शांत पाण्यात इंजिन ठीक चालायचं, लाटा वाढल्या की दम सोडायचं. बंद करून पाच मिनिटांनी सुरू केलं की पुन्हा थोडा वेळ ठीक. ही खूण ओळखून ठेवा. फिल्टर तुंबला असेल तर इंजिन नुसतं थांबवून तो मोकळा होत नाही. गाळाचा गोळा सक्शन नळीच्या, म्हणजे इंजिनाकडे डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी चिकटला असेल, तर ओढ थांबताच तो सुटून खाली पडतो, म्हणून तात्पुरता आराम पडतो. ‘सफाई’नंतरच्या पहिल्याच खवळलेल्या पाण्यात नेमकं हेच पुन्हा झालं.

मग झाकण उघडून पाहिलं. झाकण मधल्या कप्प्यावर होतं आणि तो कप्पा पुसून लखलखीत केलेला. बॅफलच्या तळाशी डिझेल इकडून तिकडे जायला छोटी भोकं असतात, त्यातून हात जात नाही. आरसा आणि टॉर्च तिरपी धरल्यावर बाजूच्या दोन्ही कप्प्यांत काळा, जेलीसारखा थर दिसला, अर्धा बोट जाडीचा. सक्शन नळी अर्थातच मागच्या कप्प्यात होती.

बाकी काम काय, तर पंप लावून डिझेल फिल्टरमधून फिरवलं होतं. मिनिटाला ४ लिटरचा पंप, वेळ दीड तास, म्हणजे ३६० लिटर. २०० लिटरच्या टाकीच्या दोन फेऱ्यासुद्धा नाहीत. टाकीतून काढून त्याच टाकीत परत सोडलं की गाळलेलं आणि न गाळलेलं मिसळत राहतं. एका फेरीनंतर सुमारे ३७ टक्के डिझेल फिल्टरपर्यंत गेलेलंच नसतं, तीन फेऱ्यांनंतरही ५ टक्के उरतं. आणि हा हिशोब फक्त तरंगत्या घाणीचा झाला. पत्र्याला चिकटलेला थर एवढ्या मंद प्रवाहाने जागचा हलत नाही.

वरून ‘बुरशी मारायचं औषध’ ओतून दिलं. औषध खोटं नसावं, पण वेळ चुकीची. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी तळाशी बसतं आणि दोघांच्या सीमेवर बुरशी वाढते. ती औषधाने मरते, पण नाहीशी होत नाही. मेलेले लगदे सुटून थेट फिल्टरवर येतात. आधी गाळ आणि पाणी उपसायचं, औषध शेवटी, तेही डब्यावरच्या मापाने.

झाकण बसवतानाही काम उरकलंच. झाकणाखालचं जुनं गॅस्केट (गळती रोखणारी पट्टी) फाटलं होतं, त्या जागी साधं सिलिकॉन. डिझेलने ते फुगून सुटतं आणि त्याचे तुकडे नळीत जातात. इथे नायट्राइल रबराचं गॅस्केटच हवं.

खरं काम असं होतं: सगळं डिझेल स्वच्छ पिंपांत उपसायचं. मग प्रत्येक कप्प्याला हात घालता येईल असं झाकण, नसेल तर होल-सॉ (गोल भोक पाडणारी करवत) मंद गतीने चालवून नवं भोक. पात्याला ग्रीस लावलं तर बराचसा कीस त्यालाच चिकटतो, आत पडत नाही. पडलाच तर लोहचुंबकाची आशा नको, ॲल्युमिनियम चिकटत नाही, पुसूनच काढावा लागतो. गाळ हातपंपाने ओढायचा, घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, त्याच्या मोटरमध्ये ठिणगी उडते. भिंतींवर स्वच्छ डिझेलचा फवारा, मग धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसणं. सक्शन नळी बाहेर काढून तिच्या टोकाची जाळी बघायची. परत भरताना १० मायक्रॉनच्या फिल्टरमधून भरायचं. ब्लीच अजिबात नको, ॲल्युमिनियम खातं. आणि हे सगळं डिझेलपुरतंच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाशी साठून राहते. ती टाकी जागेवर उघडून कापू नका.

गाळ निघाला की तळाचा पत्रा नखाने चाचपून बघा. गाळाखाली साचलेलं पाणी आणि बुरशीने तयार केलेलं आम्ल पत्र्याला खड्डे पाडतं. कधीकधी गाळानेच भोक बुजवलेलं असतं आणि सफाईनंतर गळती सुरू होते. तो दोष सफाई करणाऱ्याचा नसतो, हेही मान्य करायला हवं.

पैसे द्यायच्या आधी, झाकण उघडं असतानाच, तीन गोष्टी मागा: निघालेला गाळ, वापरलेले फिल्टर आणि प्रत्येक कप्प्याच्या तळाचा फोटो. गाळ ‘टाकून दिला’ म्हणाला, की काय ते समजा. टाकी भरून रात्रभर स्थिर ठेवल्यावर काठीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून सर्वात खोल कोपऱ्यात टेकवा. रंग बदलला, तर पाणी अजून आहे. त्याच कोपऱ्यातून नळीने नमुना घ्या आणि दुसरी बरणी स्वतः भरा.

बोटीच्या पुढच्या काही सफरींना तीन-चार जादा फिल्टर बरोबर ठेवा. डेकवर डिझेल भरायच्या तोंडाच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) त्याच दिवशी बदला. आमच्या टाकीत पाणी तिथूनच येत होतं, आणि सफाईवाल्याने ते झाकण फिरवूनही पाहिलं नव्हतं.