नऊ महिने गिट वापरल्यानंतर

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही चौघांनी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारे साधन, वापरायला घेतले, त्याला आता नऊ महिने झाले. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी घडवलेले हे साधन मी पहिले दोन महिने चुकीच्या पद्धतीने वापरत होतो. पाच-सहा कमांड पाठ होत्या आणि त्यांतली एखादी अडली की सगळे फोल्डर पुसून रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास) पुन्हा क्लोन करायची, म्हणजे तिची नवी प्रत उतरवून घ्यायची, एवढेच मला येत होते.

गिट आपली माहिती ज्यात ठेवते ते डॉट-गिट हे फोल्डर उघडून पाहिले तेव्हा गोष्टी उलगडू लागल्या. ब्रँच, म्हणजे कामाची एक शाखा, ही साधारणपणे एक छोटी मजकूर फाइल असते आणि तिच्यात फक्त एका कमिटचा (कामाच्या जतन केलेल्या टप्प्याचा) हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेले ४० हेक्साडेसिमल अंक, लिहिलेला असतो. त्या कमिटमध्ये संपूर्ण फोल्डररचनेचा हॅश आणि आधीच्या कमिटचा हॅश असतो, त्यामुळे जुन्या कमिटमधले एक अक्षर बदलले तरी पुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश बदलतो. डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला फळ्यावर पाहिलेला डिरेक्टेड असायक्लिक ग्राफ (एका दिशेने जाणाऱ्या, वर्तुळ न होणाऱ्या दुव्यांची रचना) इथे रोजच्या कामात भेटतो, याचा मला अजूनही आनंद वाटतो.

या समजुतीचा उपयोग सहाव्या महिन्यात झाला. हार्ड रिसेट (ब्रँच आणि फाइली दिलेल्या कमिटवर नेणारी कमांड) चुकीच्या कमिटवर दिला गेला आणि माझे तीन दिवसांचे काम ब्रँचवरून नाहीसे झाले. सरकला आहे तो केवळ ब्रँचमधला कमिटकडे बोट दाखवणारा पॉइंटर, कमिट अजून डिस्कवरच आहेत, हे ठाऊक असल्यामुळे मी रिफ्लॉग (ब्रँच आधी कोणकोणत्या कमिटवर होती याची नोंद) पाहिला, जुना हॅश शोधला आणि ब्रँच परत तिथे नेली. अशा सुटलेल्या कमिटच्या नोंदी रिफ्लॉगमध्ये मूळ सेटिंगनुसार ३० दिवस राहतात. मात्र त्या सकाळचे जे बदल मी स्टेजही (पुढच्या कमिटसाठी निवडून) केले नव्हते, ते कायमचे गेले.

चूक कोणत्या कमिटमध्ये शिरली ते शोधणाऱ्या बायसेक्ट या कमांडबद्दल आवर्जून सांगायला हवे. पार्सरमध्ये शिरलेली एक चूक सुमारे १९० कमिटमधून शोधायची होती. दर चाचणीला उरलेले निम्मे कमिट बाद करणाऱ्या बायनरी सर्चमुळे ती आठ चाचण्यांत सापडली, पण प्रत्येक कमिट कंपाइल होणारा होता म्हणूनच हे जमले.

चेकआउट ही एकच कमांड ब्रँचही बदलते आणि फाइलही पूर्ववत करते, हा घोळ नवशिक्याला फार छळतो. २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून त्यासाठी स्विच आणि रिस्टोअर वेगळे मिळाले आहेत, तेच शिकावेत.

मोठ्या फाइलींच्या बाबतीत मात्र गिट उणे पडते. आमच्यापैकी एकाने ३०० एमबीचा डेटासेट कमिट केला आणि पुढच्याच कमिटमध्ये काढला, तरी इतिहासात तो राहिल्याने प्रत्येक क्लोन तितकाच जड राहिला. शेवटी इतिहास नव्याने लिहावा लागला, त्यानंतरचे सगळे हॅश बदलले आणि चौघांनाही रिपॉझिटरी पुन्हा क्लोन करावी लागली. आता डेटासेटचे फोल्डर पहिल्या कमिटच्या आधीच गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, टाकतो.