मराठी फॉर्मसाठी शॅडसीएन यूआय: वापरून बनलेलं मत

पुण्याच्या धायरीतल्या एका पतसंस्थेचं काउंटरवरचं ॲप मी करते. खातं उघडणं, पिग्मीचा भरणा, आवर्ती ठेव, कर्जाचा अर्ज, जामीनदार, वारस नोंद, सगळं मराठीत. समोर बसणाऱ्या क्लार्क मॅडम दिवसभर हाच स्क्रीन बघतात, तेव्हा अक्षर नीट दिसणं ही इथे हौस नाही, कामाची गरज आहे. त्यासाठी रिॲक्ट (वेबचे स्क्रीन बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी), व्हीट (प्रोजेक्ट चालवायचं आणि बांधायचं साधन) आणि शॅडसीएन यूआय (बटण, डायलॉग, कॅलेंडर असे स्क्रीनचे तयार भाग देणारी लायब्ररी) घेतलं. आता कुणी विचारलं तर मी बिनधास्त सांगते: मराठी स्क्रीन करायचे असतील तर हेच घ्या.

२०२३ मध्ये आलेल्या या लायब्ररीची रीत वेगळी आहे. बाकीच्या लायब्रऱ्या एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेज भांडारातून, पॅकेज म्हणून येतात आणि नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात जाऊन बसतात. तिथे हात लावायची सोय नसते. इथे ‘एनपीएक्स शॅडसीएन ॲट लेटेस्ट ॲड बटन’ अशी कमांड दिली की बटणाचा अख्खा कोड तुमच्या कंपोनंट्स-यूआय फोल्डरात फाइल म्हणून उतरतो. ती फाइल तुमची. उघडा, वाचा, बदला. वागणुकीचा भाग बहुतांशी रॅडिक्स ही आतली लायब्ररी सांभाळते, दिसण्याचा भाग टेलविंड, म्हणजे छोट्या छोट्या क्लासच्या नावांनी सीएसएस लिहायची पद्धत. परवाना एमआयटी, म्हणजे पतसंस्थेच्या कामातही एक पैसा द्यावा लागत नाही.

बसवताना मंडळी अडकतात ती बहुतेक एकाच ठिकाणी. आधीपासून असलेल्या व्हीट प्रोजेक्टमध्ये ‘ॲट’ या चिन्हाचा पाथ एलियस, म्हणजे फोल्डरच्या लांब पत्त्याचं छोटं नाव, तीन जागी लिहावा लागतो. टीएसकॉन्फिग या टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये नसेल तर लायब्ररी बसवायची इनिट कमांड पुढे सरकत नाही. टीएसकॉन्फिग डॉट ॲप या दुसऱ्या फाइलमध्ये लिहायचा राहिला तर एडिटरमध्ये इम्पोर्टखाली लाल रेघा येतात. व्हीटच्या कॉन्फिगमध्ये विसरलात तर एडिटर गप्प आणि ब्राउझरमध्ये एरर. नऱ्हे-आंबेगावच्या कॉलेजांतली फायनल इयरची मुलं माझ्याकडे प्रोजेक्ट घेऊन येतात, तेव्हा मी आधी या तीन फाइली उघडायला लावते. दुसरं म्हणजे जुने व्हिडिओ. कमांडचं आधीचं नाव ‘शॅडसीएन-यूआय’ होतं, २०२४ मध्ये ते नुसतं ‘शॅडसीएन’ झालं. जानेवारी २०२५ मध्ये टेलविंडची चौथी आवृत्ती आली आणि थीमची मांडणी सीएसएस फाइलमध्ये गेली. त्याआधीचा व्हिडिओ बघून कॉन्फिग फाइल शोधत बसू नका.

आता मुख्य मुद्दा, मराठीचा. यूआय लायब्रऱ्यांची मापं रोमन लिपी समोर ठेवून ठरलेली असतात. या लायब्ररीतही डायलॉगच्या (स्क्रीनवर उघडणाऱ्या चौकटीच्या) शीर्षकाला ‘लीडिंग-नन’ हा टेलविंडचा क्लास आहे, म्हणजे ओळीची उंची अक्षराच्या मापाएवढीच. इंग्रजीत शीर्षक घट्ट आणि छान दिसतं. मराठीत ‘मुदतपूर्व ठेव परत करण्यापूर्वी वारस नोंद तपासा’ असं शीर्षक दोन ओळींत गेलं, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आणि रफारांवर चढतात. ‘पूर्व’ या एका शब्दातच खाली ऊकार आणि वर रफार आहे; त्याला दोन्हीकडे श्वास घ्यायला जागा लागते. मी डायलॉगची फाइल उघडली, ‘लीडिंग-नन’च्या जागी ‘लीडिंग-रिलॅक्स्ड’ लिहिलं, आणि ॲपमधले सगळे डायलॉग एका फटक्यात सुधारले.

अलर्टचंही तसंच. माझ्या आवृत्तीत त्याच्या शीर्षकाला ‘लाइन-क्लॅम्प-वन’ होता, म्हणजे एक ओळ झाली की पुढे तीन टिंबं. पैशाच्या व्यवहारातली सूचना अर्धवट दिसणं मला चालणार नव्हतं, तो काढला. ‘ट्रॅकिंग-टाइट’ही काढला, कारण अक्षरं एकमेकांजवळ ओढली की जोडाक्षरांची गर्दी होते. याच्या उलट प्रकार मी दुसऱ्या एका नावाजलेल्या लायब्ररीत बघितला आहे: बटणावरच्या अक्षरांमध्ये मुद्दाम जागा सोडलेली. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना ते शोभतं, मराठीत मात्र शिरोरेषा तुटते आणि ‘जमा करा’ हे सुटी अक्षरं टाकल्यासारखं दिसतं. तिथे ते दुरुस्त करायला मूळ नियम मोडणारे ओव्हरराइडवर ओव्हरराइड लिहावे लागले होते. इथे एक क्लास खोडला की काम झालं. मराठीवाल्यांसाठी कोड हाताशी असण्याचं मोल मला यातच दिसतं.

फॉन्ट मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. इंटर किंवा गाइस्ट या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे ब्राउझर मशीनवरचा कुठलातरी फॉन्ट उचलतो. विंडोजवर एक दिसतं, मोबाइलवर दुसरं. मी ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट घेतला. त्यात देवनागरी आणि रोमन एकाच हाताची वाटतात, आणि ‘केवायसी’ किंवा ‘पॅन’ हे शब्द रोमनमध्ये आले तरी मराठी ओळीत खटकत नाहीत.

तारखेचं कॅलेंडर आतून रिॲक्ट डे पिकर या दुसऱ्या लायब्ररीवर चालतं. महिन्यांची आणि वारांची नावं मराठी करायला वेगळी यादी लिहायची गरज नाही. त्याच्या फॉर्मॅटर्समध्ये (तारीख कशी दाखवायची ते ठरवणारी फंक्शन्स) ब्राउझरच्याच इंटल डेट-टाइम-फॉरमॅटला ‘एमआर-आयएन’ लोकेल, म्हणजे भारतातली मराठी अशी भाषेची खूण, द्यायचं, महिने मराठी आणि अंक देवनागरी येतात. रक्कमही त्याच पद्धतीने १,२५,००० अशी, लाखाच्या स्वल्पविरामासकट. इंग्रजी अंक हवे असतील तर लोकेलला ‘यू-एनयू-लॅटन’ जोडा.

कीबोर्डच्या बाबतीत रॅडिक्सला मनापासून दाद द्यावी लागेल. डायलॉग उघडला की फोकस (कीबोर्ड ज्या जागेवर चालतो ती निवड) आतच फिरतो, एस्केप दाबलं की बंद होतो, आणि फोकस ज्या बटणावरून आलो तिथेच परत जातो. काउंटरवर रांग असताना मॅडमना माउसला हात लावावा लागत नाही. टॅब, एंटर, एस्केप, पुढचा खातेदार. हे सगळं स्वतः लिहायचं म्हटलं तर आठवडे जातात आणि तरी काहीतरी सुटतं.

ही लायब्ररी कुणी घेऊ नये तेही सांगते. मोठमोठे तक्ते हेच ज्यांचं मुख्य काम आहे, त्यांना इथे तयार ग्रिड, म्हणजे सॉर्टिंग-फिल्टरसकट बांधलेला तक्ता, मिळणार नाही. टॅनस्टॅक टेबल ही तक्त्यांची लायब्ररी जोडून सॉर्टिंग, फिल्टर, पानं हे सगळं आपणच बांधायचं असतं. माझ्या कर्जवसुलीच्या यादीला ते पुरलं. हिशेबाचं मोठं सॉफ्टवेअर करणाऱ्याने मात्र तयार ग्रिडची दुसरी लायब्ररी बघावी. शिवाय कोड तुमचा म्हणजे देखभालही तुमची. रॅडिक्सचे सुधार एनपीएमवरून येतात, पण तुमच्या फोल्डरातली बटणाची फाइल आपोआप बदलत नाही. नवी आवृत्ती हवी म्हणून पुन्हा ॲड कमांड देऊन ओव्हरराइटला होकार दिला तर मराठीसाठी केलेले सगळे बदल पुसले जातात. म्हणून आधी गिटमध्ये (कोडचे बदल जपून ठेवणारं साधन) कमिट करा, मग ॲड करा, आणि फरक ओळीओळीने बघून हवा तेवढाच ठेवा. मी बदललेल्या प्रत्येक क्लासशेजारी ‘देवनागरीसाठी’ अशी कॉमेंट लिहून ठेवते, म्हणजे पुढे हे काम ज्याच्या हाती जाईल तो ‘लीडिंग-नन’ परत आणणार नाही.