पवई, विहार की तुळशी? प्राणिप्लवकांच्या प्रकल्पासाठी तलाव निवडताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पाची वेळ आली की प्राणिशास्त्राच्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘झूप्लँक्टन करायचंय, तलाव कुठला घेऊ?’ झूप्लँक्टन म्हणजेच प्राणिप्लवक, पाण्यात तरंगत राहणारे बारीक प्राणी. मुंबईत राहून हा प्रश्न पडणं म्हणजे तशी चैनच. एका शहराच्या हद्दीत, एकमेकांना लागून, एकोणिसाव्या शतकात बांधलेले तीन तलाव आहेत. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा आणि पवई १८९१ चा. तिन्हींवर तोच पाऊस पडतो, तिन्हींखाली तोच काळा बसाल्ट आहे. फरक आहे तो सभोवतालच्या जमिनीचा. म्हणून ‘जमिनीच्या वापराचा तलावावर काय परिणाम होतो’ हा विषय असेल, तर प्रयोगाची मांडणी इंग्रजांनीच करून ठेवली आहे. आपल्याला फक्त जाळं घेऊन जायचंय.

पण जायला मिळतं का, हा पुढचा मुद्दा.

विहार आणि तुळशी हे पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत आणि दोन्ही बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतात. म्हणजे दोन दारं ठोठवायची. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वनविभागाची संशोधनाची परवानगी हवी, आणि पाणी महापालिकेचं असल्यामुळे जल अभियंता खात्याचीही. महाविद्यालयाच्या लेटरहेडवरचं पत्र, मार्गदर्शकांची सही, नमुन्याचं प्रमाण, जागा, तारखा हे सगळं लिहून द्यावं लागतं. कागद फिरायला किती दिवस लागतील याचा हिशेब तुमच्या सत्राच्या वेळापत्रकात धरू नका. पवईचं तसं नाही. कांजूरमार्गला उतरून रिक्षा केली की वीस-पंचवीस मिनिटांत तुम्ही काठावर. बादली, दोरी, जाळं आणि सोबत एक मित्र. मित्र का, तर पवईत मगरी आहेत आणि पाण्याकडे वाकलेल्या माणसाच्या पाठीमागे कुणीतरी उभं असावं.

आता पाण्यात काय सापडतं ते बघू, कारण निवड शेवटी त्यावर ठरते.

गोड्या पाण्यातले प्राणिप्लवक म्हणजे मुख्यतः तीन मंडळी. डोक्यावर केसांची चक्रं फिरवणारे रोटिफर, उड्या मारत पोहणारे क्लॅडोसेरा म्हणजे पाणपिसवा, आणि लांब मिशांचे कोपेपॉड. चौथे ऑस्ट्रॅकॉड, शिंपल्यात बसलेले. ते तळाशी आणि झाडोऱ्यात जास्त, उघड्या पाण्यात कमी. हे सगळे वनस्पतिप्लवक (तरंगणारी सूक्ष्म शैवालं) आणि जिवाणू खातात, काही एकमेकांनाही खातात, आणि या सगळ्यांना मासे खातात. जमिनीवरून तलावात जे काही वाहून येतं, त्याचा परिणाम आधी यांच्या संख्येत दिसतो. माशांत तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पवईचा पाणलोट लहान आहे, सुमारे साडेसहा चौरस किलोमीटर. तलावाची क्षमता ५४५ कोटी लिटर. बांधला होता पिण्यासाठीच, पण पाणी त्या लायकीचं ठरलं नाही आणि आज ते पिण्याव्यतिरिक्तच्या कामांना वापरतात. १९५८ साली आयआयटी आली, त्याआधी आणि नंतर खाणी चालल्या, मग टॉवर उभे राहिले. सांडपाणी येतं, गाळ येतो, जलपर्णी माजते, काढतात, पुन्हा माजते. फॉस्फरस आणि नायट्रोजन वाढून तलाव हिरवा होण्याला आपल्याकडे ‘सुपोषण’ म्हणतात. ऐकताना अंगणवाडीची योजना वाटते, पण तलावाच्या दृष्टीने ते कुपोषणापेक्षा वाईट.

अशा पाण्यात ब्रॅकिओनस, केराटेला, फिलिनिया हे रोटिफर भरभरून मिळतात. पाणपिसवांत मोइना. मत्स्यबीजाच्या टाक्यांत पिल्लांना खाऊ म्हणून जी वाढवतात तीच ही. ऑक्सिजन कमी झाला की मोइना हिमोग्लोबिन बनवते आणि गुलाबी दिसू लागते. भिंगाखाली गुलाबी मोइना दिसली तर पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा त्याच दिवशी विंकलर या रासायनिक पद्धतीने काढून ठेवा, नंतर हळहळाल. शिकाऊ माणसासाठी पवईची मोठी सोय म्हणजे संख्या. दहा लिटरच्या पाच बादल्या जाळ्यातून ओतल्या की सेजविक-राफ्टर या मोजणीच्या काचपट्टीवरच्या एक मिलिलिटरच्या कप्प्यात मोजायला पुरेसे प्राणी असतात. हात बसतो, ओळख पक्की होते.

विहारचं उलट. क्षमता सुमारे २,७७० कोटी लिटर, पवईच्या पाचपट, आणि पाणलोटात बहुतेक जंगल. पोषकद्रव्यं कमी, त्यामुळे लिटरमागे प्राणीही कमी. पन्नास लिटर गाळून भिंगाखाली दोन-चार डोकी दिसली तर घाबरू नका, शंभर-दोनशे लिटर गाळा. पण जे मिळेल ते बघण्यासारखं असतं. कॅलॅनॉइड कोपेपॉड, डायाफॅनोसोमासारख्या पारदर्शक पाणपिसवा, यांना स्वच्छ पाणी मानवतं. ओळख मात्र अवघड. कॅलॅनॉइडची जात ठरवायला नराचा पाचवा पाय सोडवून बघावा लागतो, आणि प्राणी सगळा मिळून एक-दीड मिलिमीटरचा. दोन सुया, ग्लिसरीन आणि संयम. ज्यांच्याकडे यातलं तिसरं नाही, त्यांनी विहारच्या वाटेला जाऊ नये.

तुळशी मला सगळ्यांत सुंदर वाटतो, पण पहिल्या प्रकल्पासाठी तो मी कुणाला सुचवत नाही. क्षमता ८०५ कोटी लिटरच्या आसपास, चहूबाजूंनी रान, पोचायला कठीण. शिवाय एक तांत्रिक अडचण आहे. तुळशी भरला की त्याचं पाणी विहारमध्ये जातं. म्हणजे पावसाळ्यात तुळशीचे प्राणी विहारच्या नमुन्यात आयते येऊन पडतात. ‘दोन स्वतंत्र तलाव’ असं प्रबंधात लिहिलंत तर परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवेल.

बाणगंगेचंही बरेच जण विचारतात. झऱ्याचं पाणी, दगडी पायऱ्या, वर्षभर धार्मिक विधी, त्यामुळे अभ्यास रोचक होतो. पण ते कुंड आहे, तलाव नव्हे. पाणलोट, भूवापर या शब्दांना तिथे फारसा अर्थ उरत नाही. वेगळा प्रश्न घेऊन जा.

माझी स्वतःची चूक सांगतो. मी पवई आणि एका स्वच्छ जलाशयाचे नमुने घेऊन बसलो होतो. पवईत सगळे प्राणी बारीक, दुसरीकडे मोठे. निष्कर्ष लिहून टाकला, सांडपाण्यामुळे मोठ्या पाणपिसवा नाहीशा झाल्या. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एकच विचारलं, “मासे बघितलेस का?” मी बघितले नव्हते.

हा प्रश्न १९६५ पासून प्रत्येकाच्या मानगुटीवर आहे. जॉन ब्रुक्स आणि स्टॅन्ली डॉडसन यांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या क्रिस्टल लेकचे १९४२ चे जुने नमुने आणि १९६४ चे नवे नमुने समोरासमोर ठेवले. मधल्या काळात तिथे हेरिंगच्या कुळातला एक प्लवकभक्षी मासा आला होता. आधी मोठे प्राणी होते, नंतर बॉस्मिनासारख्या बारीक पाणपिसवा उरल्या. पाणी बिघडलं म्हणून नव्हे. मासा डोळ्यांनी शोधून खातो आणि मोठं तेवढं आधी उचलतो. पवईत मासेमारी करणारे हौशी गळकरी पिढ्यान्‌पिढ्या येतात आणि त्यांच्या बोलण्यात कटला असतोच. कटला वरच्या थरात चरणारा, प्राणिप्लवक आवडीने खाणारा मासा. उष्ण प्रदेशात माशांची पिल्लं वर्षातले बहुतेक महिने असतात, त्यामुळे थंड देशांसारखी डॅफ्निया ही मोठी पाणपिसू आपल्याकडे तशीही क्वचित दिसते. तेव्हा पवई निवडलात तर काठावरच्या गळकऱ्यांशी गप्पा मारा आणि कुठला मासा कधी लागतो ते वहीत उतरवा. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

त्याच डॉडसन यांनी पुढे सहकाऱ्यांसोबत विस्कॉन्सिनमधले उथळ तलाव तपासले आणि शेतीने वेढलेल्या तलावांत प्राणिप्लवकांच्या जाती कमी आढळल्या. हे वाचून आपल्या मुलांना वाटतं, तेच मुंबईत करू. करा, पण तिथली शेती आणि इथलं बांधकाम यांत गल्लत नको. शेतातून खत आणि कीटकनाशक येतं. पवईत मैलापाणी येतं आणि माती येते. मातीचा परिणाम अगदी वेगळा. बारीक चिकणमाती पाण्यात तरंगत राहिली की पाणपिसवांची गाळणी तिनेच भरते, पोट भरतं पण पोषण शून्य. रोटिफर वेचून खातात, त्यामुळे त्यांना हा त्रास कमी. म्हणून जिथे खोदकाम चालू आहे तिथल्या कोपऱ्यात रोटिफर वाढलेले दिसले, तर ते सांडपाण्याचं लक्षण असेलच असं नाही. पाणी किती खोलवर पारदर्शक आहे ते मोजणारी वीस सेंटिमीटरची सेक्की तबकडी प्रत्येक वेळी सोडा. हिरव्यामुळे गढूळ की मातीमुळे गढूळ हे डोळ्यांनी बघून लिहा.

काठाचंही तसंच. २०२१ मध्ये पवईच्या कडेने सायकल मार्गासाठी भराव सुरू झाला आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं. बातम्यांत चर्चा मगरींची आणि पक्ष्यांची झाली. पण काठावरच्या उथळ, झाडोरा असलेल्या पट्ट्यातच लेकॅनसारखे रोटिफर आणि कायडोरिड कुळातल्या पाणपिसवा राहतात. तलावाच्या मध्यावर त्या मिळत नाहीत. जातींची यादी लांबवणारा पट्टा हाच असतो.

मग निवड कशी करायची? तुमच्याकडे दोन सत्रं असतील, मार्गदर्शक व्यस्त असतील आणि हा पहिलाच प्रकल्प असेल, तर पवई घ्या आणि शीर्षकातून ‘भूवापराचा परिणाम’ हे शब्द काढून टाका. त्याऐवजी एकाच तलावातल्या तीन जागा घ्या. सांडपाणी उतरतं ते तोंड, गणेशघाटाची बाजू आणि आयआयटीकडचा त्यातल्या त्यात शांत काठ. विसर्जनाच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा पकडता आला तर प्रबंधाला एक चांगलं प्रकरण मिळेल. भूवापराबद्दलच बोलायचं असेल, तर एका तलावावरून ते सिद्ध होत नाही. पवई-विहार जोडीनेही पूर्ण होत नाही. एक जंगलातला, एक शहरातला, म्हणजे प्रत्येकी एकच नमुना. पवईत तीस बादल्या बुडवल्या म्हणून तीस तलाव होत नाहीत. तरी ही जोडी करण्यासारखी आहे, कारण दोघांचंही जादा पाणी मिठी नदीतच जातं आणि अंतर हाकेचं. परवानगी मिळाली तर करा, दावे मात्र सांभाळून. खऱ्या अर्थाने भूवापर मोजायचा असेल तर ठाण्याला जा. तिथे लहान-लहान तीसेक तलाव आहेत. कुणाच्या काठाला देऊळ, कुणाच्या काठाला बाजार, कुणी येऊरच्या पायथ्याशी. दहा तलाव, प्रत्येकाचा परिसर नकाशावर मोजून, वर्षातून चार फेऱ्या. हा पर्याय दिसायला किरकोळ, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने तिन्ही मोठ्या तलावांना भारी.

ऋतूबद्दल एवढंच. जुलै-ऑगस्टमध्ये तलाव ओसंडून वाहतात आणि प्लवकही त्यासोबत जातात. त्या महिन्यांत आकडे कोसळले तर प्रदूषणाला दोष देऊ नका. ऑक्टोबरला सुरुवात करून मे अखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी गेलात तर वाढीचा चढ नीट दिसतो. वेळ तीच ठेवा, सकाळी सात म्हणजे सात. ऊन चढलं की हे प्राणी खाली उतरतात, मग साडेदहाचा नमुना साताच्या नमुन्याशी ताडता येत नाही.

नमुना थेट फॉर्मेलिनमध्ये टाकू नका. रोटिफर अंग आक्रसून गोळा होतात आणि ओळखता येत नाहीत. आधी नाक्यावरच्या दुकानातला साधा सोडा (प्यायचं सोडा वॉटर, खाण्याचा सोडा नव्हे) थोडा घाला, ते सुस्तावतात, मग ४ टक्के फॉर्मेलिन. पाणपिसवांसाठी त्यात साखर विरघळवा, नाहीतर त्यांच्या पाठीच्या पिशवीतली अंडी बाहेर पडतात. आणि ब्रॅकिओनसचे काटे लांब दिसले म्हणून लगेच नवी जात लिहू नका. अ‍ॅस्प्लँक्ना नावाचा शिकारी रोटिफर आसपास असला की त्याच्या गंधाने ब्रॅकिओनसची पुढची पिढी लांब काट्यांची निपजते.

दोन तलाव घेणार असाल तर दोन जाळी घ्या. रोटिफरांची आणि पाणपिसवांची सुप्तावस्थेतली अंडी वाळली तरी मरत नाहीत. पवईत बुडवलेलं जाळं तसंच विहारमध्ये नेलंत, तर पुढच्या नमुन्यात जे दिसेल ते विहारचं की तुमच्या पिशवीतलं हे तुम्हालाही सांगता येणार नाही. शिवाय ते पाणी आपण सगळे पितो.